हौदातलं स्वयंवर

धुळ्याला आमच्या न्हाणीघराला लागून सिमेंटचा हौद होता. नळाला पाणी रोज येत नसे. आलं की आधी पिण्याचे हंडे, मग पिंप, मग बादल्या, आणि घरातलं रिकामं म्हणून काही उरलं नाही की हौद. ते पाणी पुढचे चार-पाच दिवस धुण्याभांड्याला पुरवायचं. एवढं पाणी एवढे दिवस उघड्यावर साठवल्यावर डास होणारच. ऐंशीच्या दशकातल्या एका पावसाळ्यात हिवतापवाले आले. एरवी ते दारामागे तारीख टाकून, पाण्यात औषधाचे थेंब सोडून निघून जायचे. या खेपेला त्यांच्याकडे प्लॅस्टिकची पिशवी होती आणि पिशवीत बोटाच्या पेराएवढे मासे.

“हाऊ मासा काय कामना शे?” आजीने विचारलं.

“डासांची पोरं खातो, आजी. गप्पी मासा आहे.”

गप्पी हे नाव मला फार आवडलं. मासे एकमेकांशी गप्पा मारत असणार, अशी माझी खात्रीच झाली. शाळेतून आल्यावर मी हौदाच्या काठावर हनुवटी टेकून बसे. एक मोठी, राखाडी, ढेरपोटी मासोळी संथ फिरत असे. तिच्याभोवती तिच्या निम्म्या आकाराचे चिमुकले मासे, अंगावर नारिंगी, निळे, काळे ठिपके मिरवत, इंग्रजी एस अक्षरासारखं अंग वाकवून थरथरत. मला वाटे, पिल्लं आईकडे खाऊ मागताहेत. आजीने एकदा येता-जाता पाहिलं आणि माझी चूक दुरुस्त केली. तो नवरदेव शे, म्हणाली. आणि ती? “ती नवरी. दखत बी नही.” मग बादली भरून घेताना, माझ्याकडे न बघता म्हणाली, “आम्हले कोनी इचारं व्हतं?”

पुढे मी प्राणिशास्त्र शिकले, आणि आता जळगावात तोच विषय शिकवते. डार्विनची लैंगिक निवड, म्हणजे जोडीदार मिळवण्याच्या चढाओढीतून आणि पसंतीतून होणारी उत्क्रांती, शिकवायची वेळ आली की मोराचा पिसारा सगळेच सांगतात. मी गप्पी सांगते. एक तर तो विद्यार्थ्यांच्या घरच्या टाकीत असतो. दुसरं म्हणजे मादीची पसंती आकाशातून पडत नाही, तिच्यामागे पाणी असतं, उजेड असतो, शत्रू असतो आणि भोवतालचा समाज असतो, हे जगाला ज्या मोजक्या प्राण्यांनी नीट समजावून दिलं त्यांत हा मासा फार वर आहे. तो आमच्या हौदात कसा आला आणि त्याच्याकडून शास्त्रज्ञ काय शिकले, असे दोन इतिहास आहेत. ते वेगवेगळ्या खात्यांचे असल्यामुळे एकत्र सांगितले जात नाहीत.

हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य टोकाचा आणि त्रिनिदाद बेटाचा. १८५९ मध्ये बर्लिनच्या विल्हेल्म पीटर्सने व्हेनेझुएलातल्या नमुन्यांवरून त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. पण लोकांच्या तोंडी बसलं ते दुसऱ्याच माणसाचं नाव. रॉबर्ट जॉन लेचमेर गप्पी हा इंग्रज तरुणपणी जहाज फुटून न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांत दोन वर्षं राहिला, मग त्रिनिदादला आला आणि तिथे शाळाखात्यात अधिकारी झाला. जीवाश्म आणि शिंपले गोळा करणं हा त्याचा खरा नाद. त्याने पाठवलेल्या माशांना ब्रिटिश म्युझियमच्या अल्बर्ट ग्युंथरने १८६६ मध्ये गप्पीचं नाव दिलं. आधीच्या वर्णनाचा मान राखून ते शास्त्रीय नाव पुढे रद्द झालं, व्यवहारात मात्र टिकलं. म्हणजे गप्पांशी संबंध नाही. हे कळलं तेव्हा मी थोडी हिरमुसले होते.

भारतात गप्पी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस आला असं मानतात. रोनाल्ड रॉसने १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिल्यावर साठलेलं पाणी हाच शत्रू ठरला होता, आणि अळ्या खाणारा मासा हा त्यावरचा स्वस्त शिपाई. त्याचा चुलतभाऊ शोभेल असा गॅम्बुझिया १९२८ मध्ये इटलीहून आणला गेला. मग डीडीटी आली आणि माशांना कोणी विचारेना. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९५८ मध्ये त्याचं नाव ‘निर्मूलन’ असं झालं, इतका आत्मविश्वास होता. १९७६ मध्ये देशात ६४ लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले तेव्हा तो उतरला. डीडीटीला डास सरावले होते. पुन्हा मासे आठवले. १९८३ पासून शेजारच्या गुजरातेत, खेडा जिल्ह्यातल्या नडियाद भागात, हिवताप संशोधन केंद्राने फवारणीऐवजी खड्डे बुजवणं, पाणी वाहतं करणं आणि गप्पी सोडणं यांवर भर देणारा प्रयोग केला आणि तो देशभर गाजला. आमच्या हौदातली पिशवी त्याच लाटेतली असावी. आज जिल्ह्याजिल्ह्यांत आरोग्य केंद्रांच्या आवारात गप्पींच्या पैदाशीची टाकी असते आणि ‘आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा’ याच्या जोडीने ‘गप्पी मासे सोडा’ हे वाक्य भिंतीवर असतं.

हा झाला आरोग्यखात्याचा इतिहास. दुसरा सुरू होतो डार्विनपासून.

१८७१ च्या ‘डिसेंट ऑफ मॅन’मध्ये डार्विनने माशांवर बरीच पानं खर्च केली आहेत. नर विणीच्या काळात रंगतात, माद्या नाहीत, असं का? त्याचं उत्तर त्या काळात धाडसाचं होतं. माद्या निवडतात. पिढ्यानपिढ्या त्यांनी रंगेल नरांना पसंत केलं, म्हणून नर रंगले. आल्फ्रेड रसेल वॉलेसला हे अजिबात पटलं नाही. नैसर्गिक निवडीचा तो सहसंशोधक, डार्विनचा निष्ठावंत, पण मासोळीला सौंदर्यदृष्टी आहे हे मानायला तयार नव्हता. त्याचा प्रश्न उलटा होता. नर भडक का, यापेक्षा मादी फिकी का, ते विचारा. अंडी-पिल्लं सांभाळणारीला लपायला हवं, म्हणून ती फिकी. शत्रूची नजर हाच खरा चित्रकार. हा वाद दोघांच्या हयातीत मिटला नाही, आणि त्यानंतरही बराच काळ मादीची निवड हा विषय शास्त्रात अवघडल्यासारखा पडून राहिला. सभ्य गृहस्थांना मादी निवडते हे म्हणणं जड जात असावं, असं मला वाटतं. पुरावा मिळवणं अवघड होतं, हेही खरंच.

गप्पीकडे पुरावा होता. १९२० मध्ये डेन्मार्कच्या योहानेस श्मिटने दाखवलं की नराच्या अंगावरचा एक ठिपका बापाकडून फक्त मुलाकडे जातो. लवकरच ओयविंड विंगेने असे आणखी कितीतरी ठिपके याच वाटेने जाताना दाखवले. ठिपका वंशपरंपरेने जातो म्हणजे तो निवडला जाऊ शकतो. मग अमेरिकेचे कॅरिल आणि एडना हॅस्किन्स हे दांपत्य त्रिनिदादच्या ओढ्यांत उतरलं. तिथला उत्तरेचा डोंगर म्हणजे ओढ्यांची शिडी. सातपुड्यात पावसाळ्यात जशा धबधब्यांच्या पायऱ्या दिसतात तसं काहीसं, फक्त तिकडे बारमाही. धबधब्याखालच्या डोहात पाइक सिक्लिडसारखे मोठे शिकारी मासे. ते धबधबा चढू शकत नाहीत. वरच्या डोहात रिव्ह्युलस नावाचा छोटा मासा, तोही बहुधा बारक्या पिल्लांवरच तोंड टाकणारा. हॅस्किन्सनी पाहिलं की खालचे नर फिके, वरचे रंगेल. एकाच ओढ्यात, काही हाकेच्या अंतरावर.

जॉन एंडलरने सत्तरच्या दशकात हे प्रयोगाने पडताळलं. प्रिन्स्टनच्या काचघरात त्याने कृत्रिम डोह बांधले, तळाला कुठे जाड, कुठे बारीक रंगीत खडी पसरली, सगळीकडे मिश्र वंशाचे गप्पी सोडले आणि वाढू दिले. मग काही डोहांत पाइक सिक्लिड टाकला, काहींत रिव्ह्युलस, काही मोकळे ठेवले. थोड्याच पिढ्यांत शिकाऱ्याच्या डोहातले नर कमी ठिपक्यांचे झाले आणि त्यांचे ठिपके तळाच्या खडीच्या मापाशी जुळू लागले. लपायला ते बरं. निर्धास्त डोहांत उलट झालं. ठिपके वाढले, मोठे झाले आणि खडीशी फटकून वागू लागले. १९७६ मध्ये एंडलरने त्रिनिदादमध्येच धबधब्याखालचे सुमारे २०० गप्पी उचलून वरच्या, गप्पी नसलेल्या ओढ्यात सोडले. दोन वर्षांनी जाऊन पाहिलं तर त्यांच्या वंशजांचे रंग खुलले होते. उत्क्रांती म्हणजे लाखो वर्षं, हे वाक्य मी वर्गात त्यानंतर जपून वापरते.

१९८० मध्ये हा निबंध छापून आला, आणि डार्विन-वॉलेस दोघांनाही अर्धा अर्धा न्याय मिळाला. मादी नराला भडकपणाकडे ओढते, शत्रू त्याला फिकेपणाकडे ढकलतो. नराचा रंग म्हणजे या रस्सीखेचीत दोरीचा रुमाल त्या घडीला जिथे थांबला आहे ती जागा.

इथपर्यंत मी अनेक वर्षं उत्साहाने शिकवत होते. मग एकदा भडगावकडच्या एका विद्यार्थिनीने मला अडवलं. प्रात्यक्षिकासाठी मुलांनी दोन बरण्यांत गप्पी आणले होते, एक कॉलेजच्या टाकीतले, दुसरे वस्तीमागच्या नाल्यातले. टाकीतले नर चांगले रंगलेले. नाल्यातले मळकट, नारिंगी जेमतेम. मी लगेच धबधब्याची गोष्ट सुरू केली. ती शांतपणे म्हणाली, “मॅडम, पण नाल्यात मरळ कुठे आहे? तिथे तर यांना खाणारं कुणीच नाही. मग हे फिके का?”

मला उत्तर आलं नाही. पुढच्या तासाला सांगते, म्हटलं. पुढचा तास यायला दोन वर्षं लागली, आणि ती तोवर पास होऊन गेली होती.

उत्तराचा पहिला तुकडा पोटातला आहे. नारिंगी रंग नराला स्वतःच्या अंगात शून्यापासून बनवता येत नाही. त्याचा कच्चा माल, कॅरोटिनॉइड, खाण्यातून यावा लागतो, मुख्यतः शेवाळातून. ग्रेगरी ग्रेदर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवलं की ज्या ओढ्यावर झाडांची दाट सावली, तिथे ऊन कमी, म्हणून शेवाळ कमी, म्हणून नरांच्या नारिंगीत कॅरोटिनॉइड कमी. म्हणजे ठिपक्याची जागा बापाने दिली तरी त्यात भरायचा रंग ज्याचा त्याने कमवायचा. मादी ठिपका बघते तेव्हा नर किती चांगला पोट भरतो हेही बघत असावी. आणि तिला नारिंगीच का आवडावा? हेलन रॉड आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एक गमतीदार शक्यता मांडली. त्रिनिदादच्या ओढ्यांत काही झाडांची नारिंगी फळं पडतात आणि गप्पी त्यांवर तुटून पडतात. नारिंगी चकती पाण्यात टाकली तर, मादीच काय, नरही चोचावतो. ज्या ओढ्यातले गप्पी नारिंगी चकतीला जास्त टोचतात, तिथल्या माद्या नारिंगी नरालाही जास्त भाळतात. प्रेमाची सुरुवात पोटातून होते हे आपल्याकडच्या सासवांना शोधनिबंधाशिवाय माहीत होतं.

दुसरा तुकडा उजेडाचा. अ‍ॅन हूडने ऐंशीच्या दशकात दाखवलं होतं की पारिया नदीतल्या माद्या नारिंगी नर पसंत करतात. मग तिने आणि क्रिस्टिना लाँगने १९८९ मध्ये साधी युक्ती केली. टाकीवर नारिंगी उजेड सोडला. त्या उजेडात नारिंगी उठून दिसत नाही, आणि माद्यांची पसंती नाहीशी झाली. नर तेच, माद्या त्याच, बदलला तो दिवा. जंगलात गप्पी याचा हिशेब स्वतःच करतात. त्यांचं नाचणं सकाळी लवकर आणि संध्याकाळी जास्त असतं, जेव्हा उजेड मंद असतो, जवळच्या मादीला रंग दिसतात आणि दूरच्या शत्रूला कमी दिसतात. आपल्याकडच्या गोरजमुहूर्तासारखंच म्हणा ना.

उजेडाचा मोठा धडा मात्र गप्पीकडून नाही, आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरातल्या सिक्लिड माशांकडून आला. तिथे जवळच्या नात्यातल्या जातींचे नर कुठे निळे, कुठे लाल, आणि माद्या आपापल्या जातीचा नर रंगावरून ओळखतात. शेतीतलं खत, वस्त्यांचं सांडपाणी, उघडे पडलेले डोंगर यांनी सरोवर गढूळ होत गेलं. ओले सीहाउझेन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलं की जिथे पाणी गढूळ, तिथे नर मळकट आणि जातींची संख्याही कमी. रंगच दिसेना, म्हणून निवड थांबली, आणि निवड थांबली म्हणून जाती एकमेकींत मिसळून विरघळू लागल्या. कोणी मासा मारला नाही. फक्त दिसेनासं झालं.

आमच्या नाल्याचं पाणी चहासारखं असतं. भडगावच्या मुलीला मी तिथे एवढंच सांगितलं असतं की शत्रू नाही हे खरं, पण बघणारीला बघताही येत नाही, आणि मिरवायला शेवाळही धड नाही. अर्थात दोन बरण्यांवरून असं ठामपणे म्हणता येत नाही. खानदेशातले गप्पी थेट त्रिनिदादचे नाहीत. मत्स्यालयांत पिढ्यानपिढ्या पाळलेल्या, शोभेसाठी निवडलेल्या माशांचं रक्त त्यांत मिसळलेलं आहे, आणि मूळचे पूर्वज मूठभर. त्यांना त्यांचा असा वेगळा इतिहास आहे.

पाण्याचं झालं. समाजाचं राहिलं, आणि मला सगळ्यात जास्त त्यानेच धरून ठेवलं आहे.

मादी एकटीने निवडत नाही. ली डुगाटकिनने १९९२ मध्ये एका मादीला दोन नर दाखवले, पण आधी एका नराजवळ दुसरी मादी उभी असलेली तिला पाहू दिली. मग दुसरी मादी काढून घेतली. पाहणारी मादी बहुतेक वेळा त्याच नराकडे गेली. आमच्याकडे ज्या स्थळाला आधीच दोन ठिकाणांहून विचारणा झाली आहे त्याचा भाव वाढतो, तसंच. पुढच्या वर्षी त्याने आणि जाँ-गी गोडँने आणखी एक गोष्ट दाखवली. तरुण माद्या मोठ्यांची नक्कल करतात, मोठ्या माद्या तरुणांची करत नाहीत. आणि १९९६ मध्ये या नकलेला मर्यादाही सापडली. दोन नरांच्या नारिंगीत थोडा फरक असेल तर शेजारणीचं मत जिंकतं, फरक फार मोठा असेल तर मादी स्वतःच्याच डोळ्यांवर विश्वास ठेवते. हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. पण त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत, आमच्यासारख्याच बाहेरून येऊन रानोमाळ झालेल्या गप्पींवर रॉबर्ट ब्रूक्सने प्रयोग केले आणि त्याला नक्कल दिसली नाही. म्हणजे नक्कल हाही त्या त्या पाण्यातला रिवाज म्हणायचा.

भीतीचंही तसंच. १९९६ मध्ये गोडँ आणि ब्रिग्ज यांनी माद्यांपुढे शिकारी मासा ठेवून त्यांची निवड पाहिली. ज्यांचे पूर्वज शिकाऱ्यांच्या सोबतीत जगले त्या माद्यांनी शत्रू दिसताच निवडक राहणं सोडलं. निर्धास्त ओढ्यातल्या माद्यांची पसंती मात्र जागची हलली नाही. चोखंदळपणा परवडावा लागतो.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले, आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ १९२७ पासून तिथे उभं आहे. लहानपणी मी त्यावरून शाळेत जात असे. राजवाड्यांनी ‘भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास’ लिहिला तेव्हा लोक चिडले, कारण लग्न ही अनादि, पवित्र, न बदलणारी गोष्ट नसून समाजाच्या अवस्थेप्रमाणे घडत आणि बदलत आलेली रीत आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. राजवाड्यांना गप्पीच्या पसंतीची ही शास्त्रकथा माहीत असायचं कारण नव्हतं. पण मला दोन्ही वाचताना एकच वाक्य ऐकू येतं. स्वयंवर म्हणतो आपण, पण सीतेच्या आणि द्रौपदीच्या स्वयंवरातला पण बापानेच लावलेला होता. मासोळीच्या स्वयंवरातला पण पाणी लावतं.

आणि कधीकधी तिथे निवडच उरत नाही. गप्पीचा नर नेहमी नाचतोच असं नाही. मादीची संमती नसताना मागून झडप घालूनही तो संबंध साधायचा प्रयत्न करतो. शिकाऱ्यांच्या डोहात हे जास्त, कारण नाचणारा नर शत्रूच्या नजरेत भरतो, आणि शत्रूवर लक्ष ठेवणाऱ्या मादीला फसवणं सोपं जातं. अ‍ॅन मॅगरन आणि बेनोनी सेगर्स यांनी १९९४ मध्ये मोजलं तेव्हा अशा ठिकाणी मादीवर सरासरी मिनिटाला एक झडप पडत होती. तिचं खाणं त्यात कमी होतं. नरांची गर्दी वाढली की आपापसांतली चढाओढही वाढते. २००८ मध्ये सफी डार्डन आणि डॅरेन क्रॉफ्ट यांनी दाखवलं ते मी वर्गात सांगते तेव्हा वर्ग गप्प होतो. नरांच्या जाचापासून सुटायला माद्या खोल पाण्यात, जिथे शिकारी जास्त आहेत अशा भागात जातात. रंगेल नर तिथे येत नाही, त्याला धोका मोठा. मादीला दोन धोक्यांतला एक निवडायचा असतो, आणि ती खाणारा निवडते.

माशांवरून माणसांचं ठरवू नये. हे मी प्रत्येक वर्षी फळ्यावर लिहिते. मासोळीला कायदा नाही, शाळा नाही, तक्रार नाही. तरीही २०११ च्या जनगणनेचा जळगावचा आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ८४२ मुली. दहा वर्षांआधी ८८०. राज्याचा आकडा तेव्हा ९१३ वरून ८९४ वर आला होता. म्हणजे आमचा जिल्हा राज्याच्याही बराच पुढे धावत होता, उलट दिशेने. नाल्यात नर-मादीचं प्रमाण कोणी ठरवत नाही. इथे ठरवलं गेलं. त्या आकड्यातल्या मुली आता माझ्या वर्गात बसायच्या वयाच्या झाल्या आहेत. बसस्टॉपवरून परत जाताना गर्दीचा रस्ता टाळून लांबच्या, सुनसान रस्त्याने जाणाऱ्या दोघी-तिघी मला माहीत आहेत. का जातात, ते मी विचारलं आहे. उत्तर लिहिण्यासारखं नाही, आणि डार्डन-क्रॉफ्टचा निबंध त्यांनी वाचलेला नव्हता.

गप्पी डास किती कमी करतो, याचंही थोडं सांगायला हवं, नाहीतर आरोग्यखात्याच्या इतिहासाला मी अर्ध्यात सोडल्यासारखं होईल. २०१३ मध्ये कॉक्रेन संस्थेने जगभरचे अभ्यास तपासून म्हटलं की मासे सोडल्याने माणसांतला हिवताप कमी होतो असा पुरेसा पुरावा नाही. अळ्या कमी झाल्याचं काही ठिकाणी दिसतं, पण अभ्यास कच्चे. दुसरीकडे एमी डीकन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हिशेब मांडला तेव्हा हा मासा मूळच्या प्रदेशाबाहेर कमीत कमी ६९ देशांत ठाण मांडून बसलेला होता, आणि आपल्या ओढ्यांतले स्थानिक छोटे मासेही डासांच्या अळ्या खातात हे विसरून आपण परक्याला सोडत राहिलो. म्हणून माझं मत असं आहे की बंद हौदात, टाकीत खुशाल सोडावा, ओढ्या-नदीत सोडू नये. सल्ला साधा आहे, पण उन्हाळ्यात टाकी धुताना मासे नाल्यात ओतणारे हात मी पाहिले आहेत. त्यांत माझेही होते.

धुळ्याचं घर अजून आहे, हौदही. आजी जाऊन बरीच वर्षं झाली. गेल्या श्रावणात गेले होते तेव्हा शेजारची सून बाटली घेऊन आली. त्यांच्या नव्या टाकीत अळ्या झाल्या होत्या. मी गाळणीने एक पोटुशी मादी पकडून बाटलीत सोडली. ती बाटली उजेडाकडे धरून म्हणाली, “ताई, एकच? नर नको का?”

“नको,” मी म्हटलं. “तिने सगळं सोबत घेतलंय. महिनोन् महिने पुरतं.”

तिने बाटली पुन्हा एकदा उजेडाकडे धरली, आणि झाकण न लावता, तळहात वर ठेवून घेऊन गेली.